अर्धा सूर खाली

तार तुटली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता.

मी जळगावात हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करतो, अडीअडचणीला पियानोही. मेहरूणमधल्या एका शाळेच्या हॉलमधला हा पियानो आपल्याकडचे उन्हाळे खाऊन सुकला होता. सगळे स्वर अर्ध्या सुराने उतरलेले. पुण्याहून आलेले पियानोवादक सर म्हणाले, "स्टँडर्ड पिच हवा." म्हणजे जगभर ठरलेली पट्टी. मी निमूटपणे तारा ओढायला लागलो आणि एक फाटकन तुटली.

वरच्या एकेका स्वराला तीन तारा असतात, म्हणून उरलेल्या दोन तारांवर निभावलं. "सर, आणखी ओढलं तर सगळंच हातचं जाईल."

"मग कार्यक्रम रद्द करू."

केतकीचा चेहरा पडला. सरांसोबत वाजवणार होती ती ही, जवळच्याच असोद्याची, केळीवाल्या घरातली. पुण्यात चेलो शिकली. चेलो म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. खुर्चीत बसून, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची. तिचं वाजवणं घरच्यांनी, तिच्या आजोबांनीही, कधी समोर बसून ऐकलंच नव्हतं.

"काका, आबा येणारेत. या वयात त्यांना पुन्हा आणणं नाही जमायचं."

मला सरांचा रागच आला. आमच्या भजनात म्हाताऱ्या बुवांचा गळा जिथे, तिथे पेटी जाते. त्यांना कोणी वर ओढत नाही.

"पियानो वर येत नाही," मी म्हणालो. "तुझा चेलो खाली येईल?"

"तारा ढिल्या पडतील. आवाज बसेल," सर म्हणाले.

"वाजवून तर बघू," म्हणत केतकीने खुंट्या पिळून तारा उतरवल्याच. मी पाचपर्यंत पियानोचे स्वर आपसात जुळवत बसलो.

संध्याकाळी दोघांनी वाजवलेल्या रचनेत गोष्ट अशी नव्हतीच. तलावावर संध्याकाळचा उजेड हलतो, तेवढंच. चेलो जरा घोगरा झाला होता आणि तिथे तोच शोभला. सरांनी वाजवता वाजवता माझ्याकडे पाहून मान डोलावली. माझे डोळे भरून आले, कशाला लपवू?

शेवटी आबा काठी टेकत स्टेजपाशी आले.

"पोरी, गानं तं कोनीच म्हनलं नही. मंग एवढा वेळ मायासंगं बोलत कोन होतं?"

केतकी चेलो धरूनच रडली.

हल्ली जुनं वाद्य समोर आलं, की मी पट्टी नंतर विचारतो. आधी वय विचारतो.