शेरभर धणे

आमच्या घरी लाकडी शेर होता, काठाला पितळी पट्टी मारलेला. माझी बायको त्यात तांदूळ भरून वर हलक्या हाताने शीग चढवायची आणि पहिलं माप ओतताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची. सुपात पडणाऱ्या तांदळाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मुरबाडजवळच्या आमच्या गावात कुणाचीही हळद असली की वड्यांच्या पिठाचं धान्य मापायला तिलाच बोलावत. तिने मापलं की वडे फुगतातच, असं बायका म्हणत.

आमच्या मुलीच्या हळदीनंतर ते बोलावणं बंद झालं.

त्या वेळी घरचे तांदूळ तिने मापून ठेवले होते. डाळी आणि धणे मी बाजारातून आणायचे, ती मापणार, मग दळायचे, असं ठरलं होतं. मी भातसानगरला नोकरीला होतो. हिशेब आपल्यालाच कळतो असा तोरा होता. शेर म्हणजे किलोच, असं धरून मी सगळं किलोवर घेतलं आणि परस्पर गिरणीत टाकलं.

"मापलं ना?" तिने विचारलं.

"मापलं," मी म्हणालो.

शेरभर डाळ किलोच्या आसपास भरते, म्हणून डाळींनी फारसं बिघडलं नाही. धणे मात्र पोकळ आणि हलके. शेरभर धणे काट्यावर अर्धा किलोही भरत नाहीत. मी दुपटीहून जास्त घातले होते. वडे काळपट झाले, फुगलेच नाहीत, तेलात फाटले. थोरल्या वहिनी भर मांडवात बायकोला म्हणाल्या, "धणं फुकट मिळालं का गो?" सगळे हसले. मीही हसलो.

पुढे कुणाच्या घरी हळद असली की ही घरातच काहीतरी काम काढून बसायची. शेर माळ्यावर गेला.

यंदा नातीची हळद होती. वाशिंदहून सून डिजिटल काटा घेऊन आली. "आई, वड्यांचं प्रमाण ग्रॅममध्ये सांगा ना."

"मला नाय येत तसलं. पाकिटातलं पीठ आणा."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "नायतर परत धण्याचं वडं."

बायकोने मान खाली घातली. मग मात्र मला राहवलं नाही. तेव्हा काय झालं ते मी सगळ्या बायकांसमोर सांगितलं. मापल्याचं खोटं बोललो, तेही.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजे भावजी, इतकी वर्सं आमी हिलाच बोलत होतो."

बायको माझ्याकडे बघत राहिली. "तेव्हाच मांडवात बोलायचं होतं," ती म्हणाली.

मग तिने सुनेला शेर काढायला सांगितला. पदराने पुसला, तांदूळ भरले, शीग चढवली. "लाभ," ती म्हणाली. प्रत्येक जिन्नस ती मापायची आणि सून काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यायची. सुपात पडणाऱ्या धान्याचा आवाज तोच होता.

धण्यांची पाळी आली. तिने सूप माझ्यापुढे सरकवलं.

"आधी खडे निवडा," ती म्हणाली. "मापायचं मी बघते."