दिल्लीहून दोन तासांत

मांडवगण फराट्याच्या सगुणाबाईला अंतर मैलांत कधी कळलंच नाही. तिचं सगळं बालपण मेंढरांमागं गेलं, तेव्हा अंतर मोजायचं ते मुक्कामांत. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ माऊली रांगतही नव्हता. त्याला तिनं कोकरांशेजारी घोड्यावरच्या बिऱ्हाडात बांधून वाढवलं. पुढं तो दौंडला वसतिगृहात राहिला, तर ही बया चालत जाऊन त्याला भाकरी पोचवायची. असा भाऊ दिल्लीत साहेब झाला, मग काय, बाईचे पाय जमिनीला लागेनात.

लेकीचं, अंकिताचं लग्न ठरलं. सगुणाबाईचा नवरा रखमाजी म्हणाला, "माऊलीला म्हणावं, दोन दिस आधी रेल्वेत बस. दौंडाला जीप धाडतो."

माऊलीनं फोनवर हे हसण्यावारी नेलं. "आक्का, दीड दिवस रेल्वेत कोण कुजणार? इमानानं दोन तासात पुणं. लग्नाच्या सकाळी निघतो."

सगुणाबाईनं ते गावभर केलं. शिरूरचा बाजार करून यायला याहून जास्त वेळ लागतो म्हणे!

"आन् पुण्याच्या पुढं काय पंख लावून येनार हाय?" रखमाजीनं विचारलं. तिनं त्याला गप्प बसवलं.

लग्नाच्या सकाळी दिल्लीत धुकं पडलं आणि विमान उशिरा उडालं. "पुण्यात उतरलो, आलोच," असा फोन आला तेव्हा नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन मांडवात बसला होता. त्यात वाटेत न्हावरे गावाच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी झालेली. माऊलीची गाडी तिथं जी अडकली ती अडकलीच.

नवरीला मांडवात आणायचं मामानं, तिच्या पाठीशी उभं राहायचं मामानं. मुहूर्त टळत चालला. वरपक्षातलं कुणीतरी म्हणालं, "मामा हाय का न्हाई नवरीला?" ते सगुणाबाईच्या काळजात कुसळासारखं रुतलं. शेवटी तिनंच चुलत भावाला, तात्याबाला हाक मारली. तो अजून मेंढरं राखायचा. कळप दुसऱ्याच्या हवाली करून, दोन मुक्काम चालून तो आदल्या दिवशीच आला होता आणि तेव्हापासून चुलाणापाशी राबत होता. हात धोतराला पुसून तो अंकितामागं उभा राहिला, अक्षता पडल्या.

माऊली पोचला तेव्हा नवरी निघाली होती. मामाच्या पाया पडली, त्यानं आणलेली भारी साडी घेतली आणि जीपमध्ये बसली.

सगुणाबाई भांडायच्या तयारीनंच उभी होती. पण भावाचं उतरलेलं तोंड बघून विरघळली. "जाऊ दे बाबा. आता ऱ्हा चार दिस. अंकी मांडवपरतणीला यील, तवा निवांत बोल तिच्यासंगं."

माऊलीनं मान खाली घातली. "आक्का, उद्या सकाळचं परतीचं तिकीट हाय. येतानाच काढलं व्हतं."

दिवसभर तिनं धुक्याला शिव्या घातल्या होत्या, उसाच्या ट्रॉलीला घातल्या होत्या. त्या सगळ्या फुकट गेल्या.

"म्हंजी इमान लवकर यायला नव्हतंच रं," ती म्हणाली. "लवकर जायला व्हतं."

घरात जाऊन तिनं मामाच्या मानाचा फेटा आणला. पुण्याहून मुद्दाम मागवलेला, भरजरी. माऊलीनं डोकं पुढं केलं. ती त्याच्या शेजारून तशीच पुढं गेली, चुलाणापाशी भांडी घासत बसलेल्या तात्याबाच्या डोक्यावर तिनं फेटा ठेवला, आणि तिथंच राखेत बसून रडली.