वाळवीने खाल्लेला शेवट

गोव्यातल्या हळर्ण गावचं आमचं नाट्यमंडळ वर्षाला एकच नाटक करतं, जत्रेला. पण किस्से निघतात ते वर्षभर पुरतात! मी वायरिंगचं काम करतो. चुकीच्या वायरिंगच्या घरात स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की देवघरातला दिवा लागतो, तसं आमचं आहे. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर दुसराच पेटतो!

*

यंदा आमच्या दिग्दर्शकांनी, भाऊ मास्तरांनी, वाचनालयातून एक जुनी प्रेमकादंबरी शोधून काढली. श्रीमंत भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, मुलगी आणि त्याच्याकडचा गरीब कारकून. "हिला आजच्या काळात आणायची," म्हणाले आणि कोरी वही माझ्यापुढे टाकली.

"मास्तर, मी आठवीतून शाळा सोडलीय."

"तेच बरं. जास्त शिकलेल्यांनी लिहिलेलं गजूला पाठ होत नाही!"

*

गजू आमचा हीरो. बसवर कंडक्टर आहे. कादंबरीत नायक पत्राच्या उत्तरासाठी तीन महिने झुरतो. मोबाइलच्या जमान्यात झुरणार कसा? गजू म्हणाला, "मेसेजवर दोन निळ्या टिक आल्या की खेळ खलास!"

तेव्हा शालन म्हणाली, "त्याच्या घरात रेंज नाही असं दाखवा ना."

शालन आमची नायिका, पेडण्याला औषधाच्या दुकानात कामाला असते. तिचं ऐकून आमचा नायक मेसेज बघायला रोज गावच्या किल्ल्यावर चढू लागला, कारण रेंज तिथेच. अख्ख्या नाटकात तेवढीच एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे!

*

नायिकेचे वडील झाले रंगराव. मूळचे कोल्हापूरकडचे, इथे कारखान्यात कामाला. साउंड इफेक्टही त्यांनी हौसेने अंगावर घेतले. कादंबरीत नायिका घोडागाडीतून येते. मी लिहिलं, 'नायिका पायलटच्या मागे बसून येते.' आमच्या गोव्यात भाड्याने नेणाऱ्या मोटरसायकलवाल्याला पायलट म्हणतात, हे रंगरावांना सांगायचं राहून गेलं.

तालमीत शालनने पाऊल टाकलं आणि स्पीकरमधून घरघरत विमान उतरलं! खिडक्या थरथरल्या. शालन कानांवर हात ठेवून उभी.

रंगराव शांतपणे म्हणाले, "म्या म्हटलं, भाटकाराची पोरगी हाय. यील की इमानानं!"

मास्तर म्हणाले, "असू दे तो आवाज. मोपाला विमानतळ झाल्यापासून आपल्याकडे कोणी काही बोलायला लागलं की वरून विमान जातंच!"

*

गजूचं घोडं एका वाक्यावर अडायचं. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे तो 'पेडणे, कोलवाळ, म्हापसा' म्हणावं तसं एका दमात म्हणायचा.

"अरे, मुलीला प्रेम सांगतोयस, स्टॉप नाही!" मास्तर ओरडले.

"मास्तर, मराठीतून प्रेम करायची सवय नाही हो!"

शालन म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. घरात बोलायचं कोंकणीत, भांडायचं कोंकणीत आणि प्रेम तेवढं मराठीत. मग जमणार कोणाचं?"

*

प्रॉम्प्टर मीच. आणि माइक टांगणाराही मीच! एक माइक चुकून विंगेच्या फारच जवळ आला. रंगीत तालमीत गजू वाक्य विसरला. मी हळूच सांगितलं, तर त्याचे ओठ हलायच्या आधीच ते स्पीकरमधून मांडवभर गेलं!

मास्तर म्हणाले, "सदानंदा, आठ वर्षं मंडळात आहेस. तुझा आवाज आज पहिल्यांदा ऐकला!"

सगळे हसले. माइक हलवायचा मात्र राहून गेला.

*

खरी पंचाईत वेगळीच होती. कादंबरीची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती. नायक विचारतो, 'माझ्याशी लग्न करशील?' आणि पुढे नुसती भोकं! ती हो म्हणाली की नाही, कोणालाच माहीत नाही.

शालनच्या तोंडची बाकीची वाक्यं मी भराभर लिहिली होती. इथे पेन हलेना. कारण तोच प्रश्न दोन वर्षं माझ्या खिशात पडून होता. तिच्या दुकानातून मी डोकेदुखीच्या इतक्या गोळ्या आणल्यात की आई आता त्या शेजाऱ्यांना वाटते!

त्यातच नार्व्याचं एक स्थळ शालनला सांगून आलं. मंडळी जत्रेला येणार, नाटक बघणार आणि दुसऱ्या दिवशी शालनने काय ते कळवायचं.

"सदा, शेवट खंय?" ती रोज विचारायची.

"लिहितोय," मी रोज सांगायचो.

शेवटी मी एवढंच लिहिलं, 'नायिका उत्तर देते.'

शालनने वाचलं. म्हणाली, "म्हणजे हेसुद्धा मीच करायचं?"

*

जत्रेला मांडव गच्च भरला. नार्व्याची मंडळी पहिल्या रांगेत. गजू किल्ल्यावर चढला तेव्हा शिट्ट्या पडल्या. विमानाला तर वन्स मोअर!

शेवटचा प्रवेश आला. गजू एकदाही न अडखळता, अगदी मनापासून म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

आता शालनची पाळी. मास्तरांनी समोरून मला खूण केली, सांग तिला! पण वहीत काही असेल तर सांगणार!

शालन गजूला सोडून दोन पावलं विंगेकडे आली. म्हणाली, "ज्याने विचारायला हवं, त्याने अजून विचारलंच नाही."

"अगे, आताच विचारलं ना!" गजू स्वतःच्याच आवाजात ओरडला. मांडव हसला.

शालन हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या हातातली वही खाली पडली.

"माझं... तुझ्यावर प्रेम..." मी एवढंच पुटपुटलो आणि ते चारही स्पीकरमधून मांडवभर गेलं.

शालनने कमरेवर हात ठेवले.

"सदा, कोंकणीत विचार रे!"