छपाईच्या मावशी

प्राध्यापकांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या तळमजल्यावर छापल्या जात. त्या खोलीची किल्ली बावीस वर्षं छपाईच्या मावशींकडे होती. त्यांच्या लेकीला इथंच प्रवेश मिळाला, त्याच दिवशी त्यांनी ती किल्ली परीक्षा विभागात माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"मावशी, परीक्षेतल्या प्रामाणिकपणाचे नियम विद्यार्थ्यांसाठी आहेत," मी म्हणालो.

"लेक विद्यार्थीच की, सर. तिच्याकडे कुणी बोट दाखवायला नको."

मावशी टपाल विभागात बदली घेऊन गेल्या. लेक गणितात दोनदा नापास झाली, तीन वर्षांची पाच झाली. मावशी तेवढा काळ पाकिटांवर शिक्के मारत राहिल्या.

लेकीला पदवी मिळाली तेव्हा मी मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. नियम मी लिहिले होते. ते असे जगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.