पोलादपुरात लावलेली प्रोसेसरची शर्यत

माझ्या प्रोसेसरच्या तोडीचा प्रोसेसर अख्ख्या महाड-पोलादपुरात नाही, हे मी पुतणीच्या लग्नात भर पंगतीत जाहीर केलं होतं. (कोणी विचारलं नव्हतं.) मी महाडच्या एमआयडीसीत नोकरीला. सुटे भाग मागवून घरी स्वतः कॉम्प्युटर जोडणं हा माझा छंद. थोरला भाऊ, आमचा दादा, पोलादपूरला फोटो स्टुडिओ चालवतो. त्याच्याकडे माझ्या प्रोसेसरच्याच कंपनीचा, पण कितीतरी पिढ्या जुना. दादा त्यावर समाधानी होता आणि तेच मला बघवत नव्हतं.

लग्न दादाच्या लेकीचं, सायलीचं; शूटिंगही त्याच्याच स्टुडिओचं. सायलीच्या सासरची मंडळी रविवारी जेवायला येणार होती आणि जेवणानंतर टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ बघणार होती. रविवारी सकाळी तो व्हिडिओ तुकड्यातुकड्यांतच पडलेला. ते तुकडे जोडून एक सलग फाइल करायची बाकी होती, आणि हे काम सगळं प्रोसेसरच्या ताकदीवर चालतं.

"दादा, तुझ्या डब्यावर हे दिवसभरात व्हायचं नाही," मी फोनवर म्हणालो. "मी माझा घेऊन येतो. दोन्हींवर एकदम लावू. होऊनच जाऊ दे."

"माझ्यावर जेवणापर्यंत व्हतंय," दादा म्हणाला. "पण आण. जागा हाय."

कॅबिनेट मांडीवर घेऊन मी रिक्षाने पोलादपूर गाठलं. (मॉनिटर पायाशी होता आणि पाय कुठे होते ते आठवत नाही.) स्टुडिओ दादाच्या घरातच, पुढच्या खोलीत. दोन्ही कॅबिनेट टेबलाखाली ठेवून वायरी मी स्वतः जोडल्या. दादा हात लावायला आला तर म्हटलं, "तू बस. हे नाजूक काम असतं." चारही काळ्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचल्या आणि रबरबँडने त्यांची सुंदर जुडी बांधली.

शर्यत सुरू झाली. माझ्या पडद्यावरचा हिरवा पट्टा पळत होता आणि दादाचा, देवळात प्रदक्षिणा घातल्यासारखा, सावकाश चालला होता. मी खुर्ची उलटी फिरवून वहिनींना कोअर म्हणजे काय ते समजवायला घेतलं.

"असं बघा वहिनी, दादाकडे चार बायका भाकऱ्या थापतायत. माझ्याकडे सोळा."

"मग तवे किती हायत?" वहिनींनी विचारलं.

मी खुर्ची परत पडद्याकडे फिरवली.

माझा पट्टा शेवटाकडे आला होता, दादाचा जेमतेम अर्ध्यावर, तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टर चालू झाला, काम अडलं नाही. पण जरा वेळाने इन्व्हर्टर टूं टूं करू लागला. त्यातच सायलीचा फोन आला की मंडळी महाडहून निघाली.

"दोन नाय झेपायचे त्याला," दादा म्हणाला. "एक बंद करावा लागंल."

आता कोणता बंद करायचा हे सांगायची गरजच नव्हती. तरी मी सांगितलं. "दादा, वाईट वाटून घेऊ नको. तुझ्या प्रोसेसरने त्याच्या वयाच्या मानाने चांगली झुंज दिली."

"मी बंद करतो," म्हणत दादा माऊसकडे वळला.

"तू बस," असं म्हणून मी टेबलाखाली शिरलो, जुडीतली दादाची वायर हेरली आणि झटक्यात ओढली.

वरून दादाचा आवाज आला, "तुझा गेला रे."

मी टेबलाखालून लगेच बाहेर आलो नाही. तिथे बरं वाटत होतं.

शेवटी बाहेर येऊन म्हटलं, "परत पहिल्यापासून लावतो. अजूनही तुझ्या पुढे जाईल."

"आता कशाला हात लावू नको," दादा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मला इतक्या हळू आवाजात सुनावलं.

माझा बंद होताच इन्व्हर्टरचं टूं टूं थांबलं. म्हणजे दम लागला होता तो माझ्याच प्रोसेसरमुळे. दादाचा आपला कमी विजेवर चालतच राहिला. मंडळी आली, पंगत बसली, आणि दादाने वायरीचा किस्सा सगळ्यांना सांगितला. मी ताटावरून उठून सारखा पट्टा बघून येत होतो आणि आयुष्यात प्रथमच दादाच्या प्रोसेसरसाठी मनोमन प्रार्थना करत होतो. ताक वाढेपर्यंत फाइल तयार झाली. पाठोपाठ लाईटही आली. व्हिडिओ झकास दिसला. विहीणबाई पडद्यावरच्या पाठवणीला पुन्हा एकदा रडल्या.

व्याह्यांना त्यांच्या दुकानासाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. त्यांनी माझा सल्ला विचारला. मी खुर्ची ओढून बसलो आणि दोन प्रोसेसरांमधला फरक कोअर, वेग, तापमान असा सविस्तर सांगितला. माझाच का घ्यावा, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पटलं," ते म्हणाले. "पण मघाशी बंद पडला तो नको. दुसरा बघा."

तर तो दुसरा, दादाच्याच पिढीचा, मीच शोधून आणला आणि जोडायलाही मीच गेलो. व्याह्यांनी वाकून नमस्कार केला, चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही नुसतं सांगा. वायरी तुमचा जावई लावील."