पेटीत उतरण्याआधी लाल बटण

यवतमाळात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे खंडीभर होते, पण लोहारा गावच्या कापसाच्या जिनिंगमधला, रुईच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसचा कॉम्प्युटर रुसला की बोलावणं गफ्फारभाईंनाच यायचं. त्यातला प्रोग्राम त्यांनीच फोर्थ नावाच्या भाषेत लिहिला होता. माणूस मुलखाचा भित्रा. स्वतः जोडलेल्या तारेलाही टेस्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

कापसाची ती पडती वर्षं. जिनिंगमधली माणसं कमी केलेली. प्रेसच्या पेटीत उतरून पायांनी रुई तुडवणारा बळीरामच आता कॉम्प्युटरही सांभाळायचा, आणि इंग्रजी हुकूम काही त्याला टाइप करता येईनात. त्याच्यासाठी गफ्फारभाईंनी फोर्थला लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार प्रोग्राम, जोडली आणि पडद्यावर बटणं आणली. हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. लाल दाबायचं, मगच पेटीत उतरायचं. बळीराम भलताच खूश झाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात डबा उघडला आणि गफ्फारभाईंचा घास हातातच राहिला. फोर्थमध्ये आकडे थप्पीसारखे एकावर एक ठेवतात आणि काम झालं की उचलतात. बटण दाबलं की लायब्ररी त्यांच्या प्रोग्रामला हाक मारायची, आणि दर हाकेला एक आकडा थप्पीवर तसाच राहायचा. तो उचलायचं ते साफ विसरले होते! चार-दोनदा दाबून बघताना हे कळलंच नाही. पण थप्पी भरली की प्रोग्राम हुकूम पाळणार नव्हता. दाबलेलं लाल बटण पडद्यावर उजळवणं लायब्ररीचं काम, ते होतच राहणार होतं. आणि बळीराम त्या रंगावर विसंबून उतरणार होता.

स्कूटर कशी हाकली, त्यांचं त्यांना ठाऊक. पोचले तेव्हा पडद्यावर लाल उजळलेलं होतं, बळीरामचा एक पाय पेटीत होता आणि रुई दाबणारा वरचा लोखंडी दट्ट्या हळूहळू खाली येत होता. सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात दट्ट्याचा आवाज कुणाला येणार?

"बळीरामभाऊ, पाय काढ!" गफ्फारभाईंनी प्रेसचा मेन स्विच ओढला.

"काहून जी? लाल दाबलं ना म्या!"

गफ्फारभाईंनी त्याला पेटीपासून दूर नेलं. ते तिथंच प्रोग्राम उघडून बसले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी चूक दुरुस्त केली आणि बोट दुखेपर्यंत बटणं दाबून पाहिली. बळीराम बाजूलाच उभा होता.

"आता उतरू का, गफ्फारभाई?" त्याच्या आवाजात कसलीच शंका नव्हती. त्या विश्वासाचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"नाई. तू लाल दाब. पयले मी उतरतो."

बळीरामनं बटण दाबलं. गुडघाभर रुईत उभं राहून गफ्फारभाईंनी वर पाहिलं. दट्ट्या हलत नव्हता. "या आता वर," बळीराम दोनदा म्हणाला, पण तो नक्की थांबलाय ना, हे बघत ते दट्ट्याखाली उभेच राहिले.