टेलच्या गावाला आधी

आमच्या मालकांच्या अब्बांइतका पाळी मानणारा माणूस इंदापूर तालुक्यात दुसरा नसेल. सारी उमर त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून काढली. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हेच काम. नोकरी सुटली, पाळी सुटली नाही. मुलानं बातम्यांची वेबसाइट काढली, तर हे ऑफिसात खुर्ची टाकून पंख्याच्या पाळ्या लावायला बसले. नातीच्या लग्नात त्यांनी वाढप्यांना शेवटच्या रांगेपासून सुरुवात करायला लावली. नवरदेवाकडची बडी मंडळी पुढं बसून रिकाम्या ताटांकडं बघत राहिली. "कालव्याच्या टोकाला टेल म्हंत्यात. टेलच्याला आधी. वरचा काय उपाशी मरत न्हाय," एवढंच म्हणाले.

मी गोंदियाकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. इथं आलो तेव्हा कुणी शिक्षण विचारायच्या आत या अब्बांनी, आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतो, मला चहा पाजला आणि साइटवर फोटो चढवायच्या कामाला लावलं. त्यामुळं त्यांच्या पाळ्या मी मुकाट पाळायचो. फक्त एक दिवस सोडला तर.

त्या दिवशी उजनीतून भीमेत पाणी सोडलं होतं. बायको शेजारणींबरोबर जीपनं नरसिंहपूरला दर्शनाला गेलेली, आणि तिथं संगमावर पाणी चढत होतं. तिचा फोन बंद. पूल वाहून गेल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या, म्हणून खरं काय ते बघायला सारा तालुका आमच्या साइटवर तुटून पडला आणि साइट बसली. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. पुण्याच्या सर्व्हरवाल्यांनी मालकांना सांगितलं, फोटो, व्हिडिओ, जाहिराती काढा, नुसता मजकूर ठेवा. मी काढलं. तरी उघडेना.

चाचांनी फोन लावायला घेतले, टेलपासून वर. पहिला नरसिंहपूरच्या देवळाजवळचा फुलवाला. सगळ्यांना एकच सांगणं, गावात एकानंच पान उघडायचं, भोंग्यावर वाचायचं, बाकीच्यांनी मोबाइल खिशात. पळसदेवचे एक तात्या रुसले, तर त्यांना ऐकवलं, "तुमी धरणाच्या वरच्या अंगाला हाय, तात्या. पाणी खाली गेलंय. दम धरा."

मग ते माझ्याकडं वळले. मी संगणकावर आणि मोबाइलवर, दोन्हीकडं एकसारखं पान उघडायला बघत होतो.

"चाचा, बायको आहे तिथं."

"म्हणूनच. तितं फुलवाला उघडाय बसलाय आन् तू हितं त्याचं पाणी तोडतोस. दे तो फोन."

मी दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला. मग उठून पंखा माझ्याकडं वळवला. पाळी त्यांची होती.

किती वेळ गेला कोण जाणे. खिशातला फोन वाजला. चाचांनी कानाला लावला, "सूनबाई, थांब," म्हणाले आणि माझ्यापुढं धरला. बायको सांगत होती, फुलवाल्यानं भोंग्यावर वाचलेलं ऐकलं, पूल धड आहे पण नदीकडचा रस्ता बंद झालाय. जीपवाल्यानं दुसरीकडून गाडी काढली, त्याच्याच फोनवरून बोलतेय. फुलवाल्याकडं पान फोटो हटवल्यानं उघडलं की पाळीनं, देव जाणे. मी पाळीचं धरून चालतो.

मालकांनी पुढं मोठा सर्व्हर घेतला. आता कितीही लोक येवोत, पान पटकन उघडतं. तरी नदीला पाणी सोडलं की चाचा फुलवाल्याला फोन लावतात. "पान उघडतंय का रं?"

"कवाच उघडलं की, चाचा."

ते फोन तसाच हातात धरून बसतात. मग मी माझा मोबाइल पालथा ठेवतो आणि विचारतो, माझी पाळी आली का?

"थांब जरा," म्हणतात.

मी थांबतो.